समाजशास्त्राच्या प्राध्यापकाची निवड: शहरी विद्यापीठातील निवड समितीच्या नव्या सदस्यांसाठी मार्गदर्शन

निवड समितीवर पहिल्यांदाच नाव आलेल्या अध्यापकाला सहसा एवढेच कळवले जाते की अर्जांची छाननी अमुक तारखेला आहे आणि मुलाखतीच्या दिवशी वेळेवर हजर राहावे. प्रत्यक्षात निवडीचे निम्मे काम जाहिरात निघण्यापूर्वीच व्हायला हवे असते. ते राहून गेले तर मुलाखतीला कितीही नामवंत तज्ज्ञ बोलावले तरी त्याची भरपाई होत नाही. मोठ्या शहरातील विद्यापीठात समाजशास्त्राचे पद भरताना कोणत्या क्रमाने काय करावे, हे अशा नव्या सदस्यांसाठी आणि नव्याने विभागप्रमुख झालेल्यांसाठी येथे मांडले आहे. देशोदेशीचे नियम वेगळे असले तरी कामाचा क्रम आणि त्यातील खाचखळगे बहुतेक ठिकाणी सारखेच असतात; जिथे नियमांमुळे फरक पडतो तिथे तसा उल्लेख केला आहे.

पहिली पायरी: कार्यभाराचा तक्ता

एखादे ज्येष्ठ अध्यापक निवृत्त झाले की त्यांच्याच विषयातील, त्यांच्याच घडणीची व्यक्ती शोधायची, हा विभागांचा जुना मोह आहे. तो टाळायचा असेल तर पहिल्या बैठकीत कोणाचेही नाव न काढता विभागाच्या कार्यभाराचा तक्ता मांडावा. पदवी आणि पदव्युत्तर स्तरावरील अनिवार्य विषय कोणते, ते सध्या कोण शिकवते, येत्या पाच वर्षांत कोण निवृत्त होणार आहे, कोणते विषय बाहेरून बोलावलेल्या अध्यापकांच्या भरवशावर चालले आहेत आणि कोणते नावापुरतेच अभ्यासक्रमात उरले आहेत, हे सगळे एका कागदावर आले की विभागाची खरी गरज आपोआप पुढे येते. सिद्धान्त शिकवायला बहुधा तिघे-चौघे उत्सुक असतात. संशोधनपद्धती आणि सांख्यिकी मात्र सर्वांत कनिष्ठ अध्यापकाच्या गळ्यात पडते. सांख्यिकी सराईतपणे शिकवणारी एकही व्यक्ती विभागात नसेल, तर नव्या पदाचा पहिला निकष तोच असावा, मग उमेदवाराचे विशेष क्षेत्र कुटुंब असो, धर्म असो वा श्रम, असे माझे स्पष्ट मत आहे. पद्धतीची बाजू लंगडी असलेल्या विभागातून बाहेर पडणारे प्रबंध त्या लंगडेपणाची साक्ष वर्षानुवर्षे देत राहतात.

पद कोणत्या श्रेणीचे असावे हा निर्णयही याच टप्प्यावर व्हायला हवा. सहायक प्राध्यापकाच्या निवडीत आपण पुढील कामाच्या शक्यतेवर विश्वास टाकत असतो, तर पूर्ण प्राध्यापकाच्या निवडीत झालेल्या कामाचा आणि विभाग चालवण्याच्या क्षमतेचा हिशेब मांडत असतो. अमेरिकेत सहायक प्राध्यापकाला साधारण सहाव्या वर्षी कायमपणाच्या कसोटीला सामोरे जावे लागते, म्हणजे चूक दुरुस्त करण्याची एक संधी संस्थेजवळ राहते. जिथे परिविक्षेचा, म्हणजे नेमणुकीनंतरच्या चाचणीचा, काळ लहान असतो आणि तो पार पडला की नेमणूक निवृत्तीपर्यंत टिकते, तिथे ही संधी जवळजवळ नसते, म्हणून पहिल्याच निवडीत अधिक वेळ घालवणे शहाणपणाचे ठरते. श्रेणीचा निर्णय अर्ज आल्यावर घेऊ, असे म्हणणारी समिती पुढे एका होतकरू संशोधकाची तुलना वीस वर्षांच्या अनुभवी अध्यापकाशी करत बसते आणि ती तुलना कधीच न्याय्य होत नाही.

दुसरी पायरी: शहराशी असलेले नाते ठरवणे

शहरी विद्यापीठाचे समाजशास्त्र आणि ते शहर यांचा संबंध या विद्याशाखेइतकाच जुना आहे. शिकागो विद्यापीठात १८९२ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९२०च्या दशकात तिथल्या संशोधकांनी स्थलांतरितांच्या वस्त्या, टोळ्या, नृत्यगृहे आणि भाड्याच्या खोल्या हाच अभ्यासाचा विषय केला. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग उभा राहिला तेव्हा त्याची धुरा पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराकडे होती, ज्यांची मूळ घडण जीवशास्त्रातली होती. आजच्या पात्रतेच्या चौकटीत त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता, हे समितीच्या सदस्यांनी अधूनमधून आठवावे.

याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८९६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाला फिलाडेल्फिया शहरातील कृष्णवर्णीय वस्तीच्या अभ्यासासाठी नेमले. त्यांनी तिथेच राहून घरोघरी जाऊन पाहणी केली, आणि १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास आज नागरी समाजशास्त्राच्या पायाभूत कामांत गणला जातो. विद्यापीठाने मात्र त्यांना नियमित अध्यापकाचे स्थान दिले नाही. सन्माननीय निवृत्त प्राध्यापक हे पद त्यांना मरणोत्तर, २०१२ मध्ये देण्यात आले. शहराचे ज्ञान हवे, पण ते आणणारी व्यक्ती आपल्या पंगतीत नको, ही वृत्ती निवड समित्यांमध्ये किती सहज वावरू शकते याचा याहून ठळक दाखला मिळणार नाही.

व्यवहारात या पायरीवर दोन प्रश्नांची उत्तरे लिहून काढायची असतात. पहिला प्रश्न, नव्या अध्यापकाचे संशोधन याच शहराविषयी असावे अशी अपेक्षा आहे का. तशी अपेक्षा असेल तर ती जाहिरातीत उघड सांगावी. नसेल तर मुलाखतीत ‘आमच्या शहराबद्दल काय करणार?’ असे विचारून उमेदवाराला कोंडीत पकडू नये. दुसरा प्रश्न विद्यार्थ्यांचा आहे. शहरी विद्यापीठातील अनेक विद्यार्थी नोकरी करून शिकतात, लांबून प्रवास करून येतात, घरातील पहिलेच पदवीधर होऊ घातलेले असतात आणि त्यांची भाषिक पार्श्वभूमी एकमेकांहून फार वेगळी असते. अशा वर्गाला शिकवण्याचा अनुभव हा निकष मानायचा की केवळ जमेची बाजू, हे आधीच ठरले पाहिजे.

तिसरी पायरी: समिती आणि निकष

समितीची रचना बहुतेक ठिकाणी नियमांनीच ठरलेली असते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार विद्यापीठातील प्राध्यापकपदाच्या निवड समितीचे अध्यक्ष कुलगुरू असतात, तीन बाह्य विषयतज्ज्ञ असतात, अधिष्ठाता आणि विभागप्रमुख असतात आणि गणपूर्तीसाठी किमान चार सदस्य लागतात, त्यांपैकी दोन बाह्य तज्ज्ञ असणे आवश्यक असते. जर्मनीत विभागातील निरनिराळ्या घटकांचे प्रतिनिधी असलेली समिती नेमली जाते, बाहेरच्या तज्ज्ञांचे लेखी अभिप्राय मागवले जातात आणि शेवटी सहसा तीन नावांची क्रमवार यादी पुढे पाठवली जाते. अमेरिकेत विभागातील अध्यापकांची शोध समिती उमेदवार पुढे आणते आणि अंतिम टप्प्यावर बहुधा संपूर्ण विभाग मत देतो. रचना कोणतीही असो, नव्या सदस्याने एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी: आपले हितसंबंध लेखी कळवावेत. समाजशास्त्राचे वर्तुळ लहान असते, त्यामुळे कोणाचा तरी विद्यार्थी, सहलेखक किंवा जुना सहकारी अर्जदारांत असणारच. तसे असण्यात गैर काही नाही, ते लपवण्यात आहे. स्वतःचा पीएच.डी.चा विद्यार्थी अर्जदार असेल तर त्या निवडीतून बाजूला होणे हाच सभ्य मार्ग आहे. अलीकडच्या काळातील सहलेखक असेल तर समितीला सांगून तिचा निर्णय मान्य करावा.

निकष अर्ज उघडण्यापूर्वी ठरवायचे आणि त्यांचे तुलनात्मक वजनही तेव्हाच ठरवायचे, यामागे केवळ शिस्तीचा आग्रह नाही. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पोलीस प्रमुखाच्या पदासाठी एक पुरुष आणि एक स्त्री अशा उमेदवारांची तुलना करायला सांगितली होती. एक उमेदवार रस्त्यावरच्या कामात मुरलेला, तर दुसरा उच्चशिक्षित. पुरुषाकडे जो गुण असेल तोच गुण पदासाठी अधिक महत्त्वाचा आहे, असे मूल्यमापन करणारे ठरवत गेले. आधी निकषांना बांधून घेतले तेव्हा हा भेदभाव नाहीसा झाला. प्राध्यापकनिवडीतही हेच घडते. आवडत्या उमेदवाराकडे पुस्तक असले की पुस्तकाचे महत्त्व वाढते, नसले की ‘आता लेखांचाच जमाना आहे’ असे ऐकू येते. आपल्याच शास्त्राने उघडे पाडलेल्या या सवयी आपल्याच बैठकीत दिसल्या की समाजशास्त्रज्ञ त्यांना ‘अनुभवी नजर’ म्हणतात.

चार ते सहा निकष पुरेसे होतात. संशोधनाची गुणवत्ता, पुढील पाच वर्षांच्या कामाची दिशा, अनिवार्य विषय शिकवण्याची तयारी, प्रबंधांना मार्गदर्शन करण्याची क्षमता आणि विभागाच्या प्रशासकीय कामातील वाटा, एवढ्यावर बहुतेक पदांची निवड होऊ शकते. प्रत्येक निकषापुढे पुरावा कोणता मानायचा हेही लिहावे. ‘अध्यापनकौशल्य’ असे नुसते लिहिले तर दहा जण दहा अर्थ काढतील. ‘स्वतः आखलेल्या एका अभ्यासक्रमाची रूपरेषा आणि प्रात्यक्षिक तास’ असे लिहिले तर सगळे एकच गोष्ट पाहतील.

चौथी पायरी: जाहिरात

जाहिरात फार अरुंद केली तर ती आधीच ठरलेल्या व्यक्तीच्या मापाने शिवली आहे असा संशय येतो, आणि तो पुष्कळदा खराही असतो. फार सैल केली तर शेकडो अर्ज येतात, त्यांतील बहुसंख्य विभागाच्या कामाचे नसतात आणि छाननी उरकण्याच्या घाईत चांगला अर्ज निसटतो. विशेष क्षेत्रे दोन किंवा तीन द्यावीत, शिकवावे लागणारे अनिवार्य विषय नावानिशी द्यावेत, दर सत्रातील तासांचा भार सांगावा आणि वेतनश्रेणी स्पष्ट लिहावी. कायद्याने ठरवलेली आरक्षणे किंवा समान संधीची कलमे प्रशासनाकडून तपासून घेतल्याशिवाय जाहिरात बाहेर जाऊ देऊ नये, कारण या एका त्रुटीवर संपूर्ण प्रक्रिया न्यायालयात अडकू शकते.

कागदपत्रे मोजकीच मागवावीत. अर्जपत्र, शैक्षणिक व संशोधनाचा तपशील, संशोधनाविषयी निवेदन, अध्यापनाविषयी निवेदन आणि प्रकाशित किंवा प्रकाशनाच्या वाटेवरील लेखनाचे दोन नमुने एवढे पुरते. शिफारसपत्रे सुरुवातीलाच न मागता लघुयादीतील उमेदवारांपुरतीच मागवावीत; त्यामुळे अनेक ज्येष्ठांचे श्रम वाचतात आणि आपल्यालाही मोठ्या नावांच्या सह्यांनी भारावून न जाता मूळ लेखन वाचता येते.

जाहिरात संकेतस्थळावर टाकून वाट पाहत बसणे पुरेसे नसते. २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेतच पीएच.डी. केलेल्या तिथल्या अध्यापकांपैकी ८० टक्के जण केवळ २०.४ टक्के विद्यापीठांतून आलेले होते. ओळखीच्या जाळ्यातून अर्ज मागवले की तीच विद्यापीठे पुन्हा पुन्हा समोर येतात. म्हणून ज्या विभागांतून आजवर कोणीही अर्ज केला नव्हता अशांची यादी करावी, तिथल्या विभागप्रमुखांना पत्र लिहावे आणि विद्वत्संघटनांच्या स्त्री-अभ्यास, श्रम, नागरी प्रश्न अशा उपगटांकडे जाहिरात पोहोचवावी. अर्जासाठी किमान महिना-दीड महिन्याची मुदत असावी. दोन आठवड्यांची मुदत ही आतून बातमी मिळालेल्यांचीच सोय असते.

पाचवी पायरी: छाननी आणि वाचन

संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. छाननीचे दोन भाग करावेत. पहिला भाग पात्रतेचा: पदवी, अनुभव, किमान प्रकाशने या अटी पूर्ण होतात की नाही. भारतात प्राध्यापकपदाच्या थेट भरतीच्या नेहमीच्या मार्गाने पीएच.डी., दहा वर्षांचा अध्यापन-संशोधनाचा अनुभव, किमान दहा संशोधन प्रकाशने आणि संशोधनाचे १२० गुण अशा अटी २०१८ च्या विनियमांत आहेत. अन्यत्र अटी वेगळ्या असतील. हे काम कार्यालयाने करावे आणि समितीने ते तपासावे. मात्र पात्रतेचे गुण म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे दुसऱ्या भागात शिरताना लक्षात ठेवावे लागते.

दुसरा भाग वाचनाचा आणि इथेच समाजशास्त्राचे वेगळेपण कसाला लागते. या एकाच विद्याशाखेत परस्परांहून अगदी निराळ्या प्रकारे काम करणारे लोक नांदतात. मोठ्या सर्वेक्षणांच्या विदेवर, म्हणजे गोळा केलेल्या आकडेवारीवर, काम करणारा संशोधक दोन-तीन सहलेखकांसोबत वर्षाला दोन लेख लिहू शकतो. वस्तीत राहून क्षेत्रकार्य करणारी संशोधक दीड-दोन वर्षे नोंदी घेण्यात घालवते, आणखी दोन-तीन वर्षे लिहिण्यात जातात आणि मग एक पुस्तक बाहेर पडते. या दोघांची तुलना प्रकाशनांच्या संख्येने केली तर दुसरी नेहमीच मागे पडणार. समजा, एका अर्जात १४ लेख आहेत आणि दुसऱ्यात एक पुस्तक व तीन लेख. पहिल्या अर्जातील सर्व लेख काढून कोणत्या लेखात उमेदवार पहिला लेखक आहे, किती लेख एकाच विदेचे तुकडे करून लिहिले आहेत आणि प्रत्येक लेखात नवा प्रश्न आहे की जुन्याच प्रश्नाला नवा चल, म्हणजे मोजण्याचा आणखी एक घटक, जोडला आहे, हे पाहावे. दुसऱ्या अर्जातील पुस्तकाचे पद्धतीविषयीचे प्रकरण किंवा परिशिष्ट आधी वाचावे. संशोधक त्या वस्तीत कशी शिरली, तिला कोणी आत येऊ दिले आणि कोणी दिले नाही, ज्यांच्याशी बोलता आले नाही त्यांच्याबद्दल ती काय म्हणते, हे तिथे कळते. ‘माहितीदारांनी मोकळेपणाने माहिती दिली’ या एका वाक्यावर भागवलेले प्रकरण आणि ‘घरमालकांनी दार उघडले नाही, म्हणून भाडेवाढीचे माझे चित्र भाडेकरूंच्या बाजूचे आहे’ असे सांगणारे प्रकरण यांत संशोधकाच्या प्रामाणिकपणाचा आणि जाणकारीचा मोठा फरक असतो.

निर्देशांकांचा आधार जपून घ्यावा. नियतकालिकांचा प्रभावांक, म्हणजे त्यांतील लेखांना सरासरी किती उद्धरणे मिळतात याचा आकडा, नियतकालिकांची तुलना करण्यासाठी असतो. त्यावरून एखाद्या लेखाची किंवा लेखकाची किंमत करू नये, ही भूमिका २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या आणि पुढे जगभरातील अनेक संस्थांनी स्वीकारलेल्या घोषणापत्राने मांडली आहे. २००५ मध्ये एका भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला, लेखांची संख्या आणि त्यांना मिळालेली उद्धरणे यांवरून काढला जाणारा एच-निर्देशांक समाजशास्त्राला आणखीच अडचणीचा ठरतो, कारण पुस्तके, संपादित ग्रंथांतील प्रकरणे आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांतील लेखन उद्धरणांच्या विदासंचांत पुरेसे नोंदलेच जात नाही. शहरातील लोकांच्या भाषेत लिहिलेला अहवाल किंवा लेख कोणत्याही सूचीत नसला तरी तो वाचून त्याचे मोल ठरवता येते, आणि ते समितीचे कामच आहे. याउलट, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतील लेखांची लांब यादी दिसली तर संख्येला न भुलता त्यांतील दोन लेख वाचावेत. दहा मिनिटांत शंका फिटते.

प्रत्येक अर्ज किमान दोन सदस्यांनी स्वतंत्रपणे वाचून लेखी गुण द्यावेत आणि चर्चा त्यानंतर व्हावी. लघुयादीत पाच-सहा नावे पुरतात. यादीत एकाच विद्यापीठाचे, एकाच मार्गदर्शकाचे किंवा एकाच सामाजिक स्तरातील उमेदवार आले असतील तर सीमारेषेवरचे अर्ज पुन्हा एकदा उघडावेत.

शिफारसपत्रांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. बहुतेक पत्रे स्तुतिपर असतात. उपयोगाचे तेवढे तपशील टिपावेत, म्हणजे उमेदवाराने नेमके कोणते काम स्वतः केले आणि मतभेद झाले तेव्हा तो कसा वागला. विशेषणे सोडून द्यावीत.

सहावी पायरी: व्याख्यान, प्रात्यक्षिक तास आणि मुलाखत

पंधरा-वीस मिनिटांच्या मुलाखतीत प्राध्यापक निवडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि ती बदलणे समितीच्या हाती नसेलही. तरीही शक्य तिथे मुलाखतीला दोन गोष्टींची जोड द्यावी: संशोधनावर पाऊण तासाचे व्याख्यान आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर अर्ध्या तासाचा प्रात्यक्षिक तास. व्याख्यानात उमेदवार काय सांगतो यापेक्षा प्रश्नोत्तरांत तो काय करतो, याकडे अधिक लक्ष द्यावे. आपल्या विदेतून जे सिद्ध होत नाही ते ‘होत नाही’ असे सरळ सांगणारी व्यक्ती संशोधक म्हणून आणि मार्गदर्शक म्हणूनही भरवशाची असते.

प्रात्यक्षिक तासाचा विषय सर्वांना सारखा द्यावा, उदाहरणार्थ सामाजिक स्तरीकरणाची ओळख. कोणी पहिल्या पाच मिनिटांत चार विचारवंतांच्या व्याख्या फळ्यावर लिहील. कोणी विद्यार्थ्यांना विचारील की तुम्ही घरून विद्यापीठात येताना किती वाहने बदलता, तुमच्या शेजारी बसलेला किती बदलतो, आणि त्या उत्तरांतून उत्पन्न, घरांच्या किमती आणि वेळ यांची विषम वाटणी उलगडत नेऊन मग व्याख्येकडे येईल. दुसरी रीत अधिक आकर्षक वाटते, पण तिथेच थांबून चालत नाही. तास संपेपर्यंत ती व्यक्ती संकल्पनेपर्यंत पोहोचली का, की गप्पाच रंगल्या, हे बघावे. हजर विद्यार्थ्यांचा अभिप्राय जरूर घ्यावा, मात्र तो गुणांच्या रूपात न घेता ‘तुम्हाला काय कळले ते लिहा’ अशा स्वरूपात घ्यावा. अमेरिकेतील एका ऑनलाइन वर्गावर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या प्रयोगात, शिकवणारी व्यक्ती पुरुष आहे असे विद्यार्थ्यांना वाटले तेव्हा त्यांनी अधिक गुण दिले होते, मग प्रत्यक्षात शिकवणारी व्यक्ती कोणीही असो.

मुलाखतीचे मुख्य प्रश्न सर्व उमेदवारांना सारखे आणि त्याच क्रमाने विचारावेत. आखीव मुलाखत ही मोकळ्या गप्पांपेक्षा पुढील कामगिरीचा अधिक चांगला अंदाज देते, हे व्यक्तिनिवडीवरील संशोधनात वारंवार दिसून आले आहे. उपप्रश्न मात्र प्रत्येकाच्या उत्तरांतून निघू द्यावेत. समाजशास्त्रासाठी काही प्रश्न विशेष उपयोगी ठरतात. ज्या वस्तीत तुम्ही संशोधन केले तिथे तुमचे निष्कर्ष कोणत्या स्वरूपात परत पोहोचले? तुमच्या माहितीदारांपैकी कोणाला तुमच्या लेखनामुळे त्रास होण्याची शक्यता होती आणि तुम्ही काय केले? तुमच्या विषयाबाहेरचा संशोधनपद्धतीचा तास उद्या घ्यावा लागला तर पहिल्या चार आठवड्यांत काय शिकवाल? तुमच्या सिद्धान्ताशी न जुळणारी कोणती गोष्ट तुम्हाला क्षेत्रात दिसली? शेवटच्या प्रश्नाला ‘तसे काही नव्हते’ असे उत्तर आले तर आणखी खोलात जावे.

लग्न, मुले, जोडीदाराची नोकरी, धर्म, जात, राजकीय मत यांविषयीचे प्रश्न पूर्णपणे वर्ज्य आहेत, चहाच्या वेळीही. लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या निवड समित्यांचा अभ्यास करून २०१७ मध्ये दाखवले की स्त्री उमेदवाराच्या जोडीदाराची नोकरी चांगली असेल तर ‘ती शहर सोडून येणार नाही’ असे समिती स्वतःच गृहीत धरते, आणि पुरुष उमेदवारांबाबत असा विचार सहसा होत नाही. उमेदवार यायला तयार आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार उमेदवाराचा आहे. अर्ज केला आहे, म्हणजे यायची तयारी आहे, असेच धरून चालावे.

सातवी पायरी: निर्णय

मुलाखती संपताच, कोणीही मत मांडण्यापूर्वी, प्रत्येक सदस्याने निकषांनुसार गुण लिहून अध्यक्षांकडे द्यावेत. मग चर्चा सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून सुरू करावी. ज्येष्ठांचे मत आधी ऐकले की त्यानंतर येणारी बहुतेक मते त्याच दिशेने झुकतात. नव्या सदस्याने अशी विनंती अध्यक्षांना आधीच करून ठेवावी, बैठकीत केली तर ती आव्हान दिल्यासारखी वाटते.

चर्चेत ‘ही व्यक्ती आपल्या विभागात जुळेल असे वाटत नाही’ असे वाक्य आले की शांतपणे विचारावे, कोणत्या निकषावर. पुष्कळदा त्यामागे उच्चार, पेहराव, विद्यापीठाचे नाव किंवा वय असते आणि प्रश्न विचारताच ते वाक्य मागे घेतले जाते. कधीकधी मात्र खरी अडचण असते, जसे की उमेदवाराने सहाध्यायांच्या कामाची जाहीर हेटाळणी केली किंवा विद्यार्थ्यांचे प्रश्न उडवून लावले. अशा वेळी निरीक्षण इतिवृत्तात नोंदवावे. एकही उमेदवार निकषांना उतरत नसेल तर पद रिक्त ठेवून पुन्हा जाहिरात देण्याची तयारी हवी. रिक्त पद प्रशासन काढून घेईल ही भीती खरी असते, त्यामुळे अनेक समित्या नाइलाजाने निवड करतात. पण एका चुकीच्या नेमणुकीचा भार विभाग पुढची तीस वर्षे वाहतो, हे प्रशासनाला लेखी पटवून द्यावे.

इतिवृत्तात प्रत्येक उमेदवाराविषयी दोन-तीन वाक्यांचे कारण असावे. नंतर तक्रार आली किंवा माहिती मागवली गेली तर हाच कागद समितीचा बचाव असतो.

आठवी पायरी: नियुक्तिपत्र आणि पुढचे सहा महिने

निवडलेल्या व्यक्तीला लवकरात लवकर कळवावे आणि उत्तरासाठी निश्चित मुदत द्यावी. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला खोटी आशा दाखवू नये, पण अंधारातही ठेवू नये. ‘निर्णय अद्याप पूर्ण झालेला नाही, अमुक तारखेपर्यंत कळवू’ एवढे प्रामाणिक उत्तर पुरेसे असते. पहिल्या उमेदवाराची लेखी स्वीकृती आल्यावर उरलेल्या सर्वांना पत्र जावे. मुलाखतीला येऊन गेलेल्याला महिनोन्‌महिने काहीच न कळणे ही आपल्या विद्यापीठांची सवय झाली आहे आणि तिचे समर्थन करता येत नाही.

वाटाघाटींमध्ये वेतन बहुतेक ठिकाणी ठरलेले असते, त्यामुळे इतर गोष्टींकडे लक्ष द्यावे. समाजशास्त्रज्ञाला प्रयोगशाळा लागत नाही, या समजुतीने सुरुवातीचा निधी शून्य धरला जातो. प्रत्यक्षात सर्वेक्षण करणाऱ्यांचे मानधन, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण उतरवून घेण्याचा खर्च, भाषांतर, प्रवास आणि सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरचे परवाने यांना पैसा लागतो. संशोधनाच्या नैतिक परवानगीला वेळ लागतो तो वेगळाच. मोठ्या शहरात घर मिळणे ही सर्वांत कठीण गोष्ट असते. विद्यापीठाची निवासव्यवस्था, प्रतीक्षायादीची खरी स्थिती आणि रुजू होण्यासाठी किती मुदत मिळेल, हे पत्रातच स्पष्ट करावे. तोंडी आश्वासने देऊ नयेत. ती देणारा अधिकारी बदलतो आणि अडचण नव्या अध्यापकाची होते.

पहिल्या सत्रात नव्या अध्यापकाला पदवीचा सर्वांत मोठा वर्ग, एखादा नवा विषय आणि परीक्षेचे काम अशी तिन्ही ओझी एकदम देण्याचा प्रघात मोडावा. एक ओळखीचा विषय आणि एक नवा विषय एवढेच द्यावे, पहिले वर्ष समित्यांपासून मोकळे ठेवावे आणि नैतिक परवानगीचा अर्ज पहिल्याच महिन्यात सादर होईल असे पाहावे, म्हणजे वर्षअखेरीस क्षेत्रकार्य सुरू होऊ शकते. विभागातील एका अनुभवी सहकाऱ्यावर मार्गदर्शनाची जबाबदारी सोपवावी. ती व्यक्ती शक्यतो निवड समितीबाहेरची असावी, म्हणजे नव्या अध्यापकाला आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगता येतील.